साडीवरचा शर्ट: महापालिकांच्या भांडार विभागांना एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महानगरपालिकांचे आयुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग, भांडार विभाग, आणि गणवेशाच्या निविदेत कापडाचा तपशील लिहिणारे ते अधिकारी, ज्यांचं नाव कुठेच छापलं जात नाही.

विषय: महिला सफाई कामगारांचा गणवेश.

महोदय, महोदया,

मी आयटीआयमध्ये शिवणकामाची शिल्पनिदेशक होते. आमच्या ट्रेडला आधी कटिंग अँड सुईंग म्हणत, आता सुईंग टेक्नॉलॉजी म्हणतात; मशीन तेच, टीप तीच. निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं. आमच्या मागच्या वस्तीत महापालिकेच्या सफाई कामगार बऱ्याच आहेत. त्यामुळे गणवेशाचं वाटप झालं की काही दिवस माझ्याकडे दुसरं काम नसतं. नवेकोरे कोट, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेले, सरळ माझ्या मशीनवर येतात. काही आखडायला, काही सैल करायला. सैल करायला आलेले बहुतेक मी तसेच परत देते, कारण आत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवलेलीच नसते. उसवून हाती काय लागणार?

अंगावर चढण्याआधीच दुरुस्तीला येणाऱ्या या कपड्याचे पूर्ण पैसे आपण पुरवठादाराला दिलेले असतात. दुरुस्तीचे पैसे ती बाई देते. हा हिशेब आपल्या लेखापरीक्षणात कुठे येत असेल असं वाटत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. कष्टाच्या कामाला कसला कपडा लागतो हे आपल्या राज्यातल्या बायकांनी केव्हाच शोधून काढलेलं आहे. आपल्याला तो फक्त नीट शिवून द्यायचा आहे.

जुन्नर-नारायणगावच्या कांद्याच्या वावरात बघा, उसाच्या फडात बघा, रस्त्याच्या कामावर घमेल्यानं खडी टाकणाऱ्या बायकांकडे बघा. साडीवर नवऱ्याचा, नाहीतर भावाचा जुना शर्ट. पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी बटण लावलेला, गळ्याचंही वरचं बटण लावलेलं. डोक्याला टॉवेल किंवा स्कार्फ. कुठल्या फॅशन संस्थेनं हा पोशाख आखला नाही, कुठल्या खात्यानं मंजूर केला नाही, तरी बीडपासून कोल्हापूरपर्यंत तो सारखाच दिसतो. उसाचं पाचट हात चिरून काढतं, ते बाही झेलते. कितीही वाकलं तरी अंग झाकलेलं राहतं, पदर सावरत बसावं लागत नाही. छातीवर खिसा आहे, त्यात मोबाईल, तंबाखूची पुडी, सुटे पैसे. कापड वापरून वापरून मऊ झालेलं असतं, घाम टिपतं. ऊन थेट कातडीवर येत नाही. आणि फाटला तर फाटला, पुढे त्याची गोधडी होते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी विद्यार्थिनींना घेऊन बसले असते आणि म्हटलं असतं, शेतातल्या बाईसाठी एक कपडा डिझाइन करा, तर आम्ही नक्कीच याहून वाईट काहीतरी केलं असतं. एप्रन वगैरे.

आता आपल्या कोटाकडे येऊ. शहराप्रमाणे रंग बदलतो, पण माझ्याकडे येतो तो साधारण असा: अर्ध्या बाह्यांचा, मांडीपर्यंत लांब, पुढे बटणं, एक खिसा, कापडात पॉलिस्टर भरपूर. आत पॉलिस्टरचीच सहावारी साडी.

या कोटाची सगळ्यात आधी उजवी काख जाते. का जाते ते बघायचं असेल तर सकाळी खराटा मारणाऱ्या बाईच्या मागे पाच मिनिटं उभं राहा. लांब दांड्याचा खराटा दोन्ही हातांनी धरून ती तो अंगासमोरून आडवा ओढते. उजवा खांदा पुढे येतो, पाठीवरचं कापड ताणलं जातं, आणि सगळा ताण जाऊन बसतो काखेतल्या त्या एका जागी, जिथे बाहीची आणि बाजूची शिवण एकमेकींना भेटतात. एका रस्त्याला असे किती फटकारे होतात ते मोजत बसायची गरज नाही. एकेरी टीप असेल तर पावसाळ्याआधीच ती जागा उसवते. पुरवठादार म्हणतो, बायका कपडे नीट वापरत नाहीत. भांडार विभागही तेच म्हणतो. खरं म्हणजे तो कोट सरळ उभं राहणाऱ्या माणसाच्या मापानं कापलेला आहे. खुर्चीवर बसणाऱ्यालाही तो चालेल. हात डोक्यावर नेणाऱ्याला किंवा आडवा ओढणाऱ्याला चालणार नाही.

जुन्या शिंप्यांना हे ठाऊक होतं. नेहरू शर्टाच्या काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असायचा. हात वर केला तर शर्ट कमरेतून उचलला जात नसे, शिवणीवर ताण येत नसे. चार इंचांचा तो चौकोन बसवायला वेळ लागतो, कारागीर लागतो, म्हणून तयार कपड्यांतून तो गेला. कचेरीच्या शर्टातून गेला त्याचं काही वाटत नाही. खराट्याच्या कोटातून तो जायला नको होता.

दुसरी जागा खिशाची. खिसा एकच, तोही वरवरचा, त्यात आजचा मोबाईल अर्धा बाहेर राहतो. बाई गटाराच्या तोंडाशी वाकली की मोबाईल पाण्यात. काही शहरांत तर हजेरीच मोबाईलवर चेहरा दाखवून घेतली जाते, म्हणजे तो सोबत हवाच. मग तो ब्लाउजमध्ये जातो. तिथे तो घामानं भिजतो, आणि तो काढताना-ठेवताना रस्त्यावरची माणसं बघतात ते वेगळंच. खिशाच्या कोपऱ्यांना आडवी घट्ट टीप मारलेली नसते, त्यामुळे जड वस्तू ठेवली की खिसा कापडासकट फाटतो.

खिशाच्या कोपऱ्यावरून आठवलं. 1870 च्या सुमारास अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराची बायको त्याच्याकडे आली आणि म्हणाली, नवऱ्याची विजार टिकत नाही, न फाटणारी शिवून द्या. डेव्हिस घोड्याच्या झुलीही बनवत असे. झुलीला मारायचे तांब्याचे रिव्हेट त्यानं विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. गिऱ्हाइकांची रीघ लागली. पेटंटला पैसे पुरेनात, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या व्यापाऱ्याकडून तो कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला त्यानं भागीदार करून घेतलं आणि 20 मे 1873 रोजी दोघांना पेटंट मिळालं. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आज कॉलेजची मुलं तीच जीन्स गुडघ्यावर फाडलेली विकत आणतात, ते सोडा. मला या गोष्टीत ती मजुराची बायको महत्त्वाची वाटते. विजार कुठे फाटते हे तिला माहीत होतं, आणि शिंप्यानं तिचं ऐकलं. तसा हा धंदा आपल्याला परका नाही. आपल्या मुंबईतल्या डोंगरीचं जाडंभरडं सुती कापड त्याच्या कितीतरी आधी जहाजांवरच्या खलाशांच्या अंगावर होतं.

तिसरी गोष्ट कापडाची. पॉलिस्टर टिकतं, चुरगळत नाही, रंग सोडत नाही, रात्रीत वाळतं. हे सगळं खरं आहे आणि पावसाळ्यात त्याचा उपयोगही आहे. पण विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा ते कापड अंगाला चिकटून बसतं. काखेत, कमरेला, मांड्यांना पुरळ येतं. आणखी एक गोष्ट निविदा लिहिताना लक्षात येत नसावी. कचऱ्याला आग लागते, कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो, धुमसणाऱ्या ढिगाजवळ जावं लागतं. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं, धग लागते, झटकता येतं. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

आणि पाऊस. आपण पँट-जाकीट असा रेनसूट देता. साडीवर पँट कशी चढवायची, हे कृपया कुणीतरी करून दाखवावं. मग पँट घरी मुलाला जाते, जाकीट तेवढं अंगावर राहतं आणि कमरेखालची साडी सकाळभर भिजलेली. कोकणात भातलावणीच्या बायका पाठीवर इरलं घेत. बांबूच्या कामट्या आणि पानं, डोक्यापासून पार कमरेखालपर्यंत. दोन्ही हात मोकळे, वाकलेली पाठ पूर्ण झाकलेली. इरलं करणाऱ्यानं बाईला वाकून काम करताना बघितलेलं होतं.

आता साडीबद्दल. मी हा विषय काढला की अधिकारी म्हणतात, "मॅडम, बायकाच साडी मागतात, आपली परंपरा आहे." पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे मी येतेच. परंपरेचं मात्र जरा तपासून बघू या. आमच्या आज्यांनी भाताची लावणी केली, मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यात उभं राहून काम केलं, बंदरावरून मासळीच्या पाट्या वाहिल्या, ते सगळं नऊवारीत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सुती लुगडं. कासोटा मागे घट्ट खोचलेला, दोन्ही पाय मोकळे, पदर कमरेला आवळलेला, कनवटीला पैसे. चिखलात उतरायचं तर लुगडं वर ओढून खोचायचं, झालं. ढांग टाकता येते, शिडी चढता येते, धावता येतं. तो खराखुरा कामाचा पोशाख होता, आणि खिशाची सोयही त्यातच होती.

गोल नेसायची सहावारी ही नंतर शाळा-कचेरीत जाणाऱ्या बायकांची झाली. तिच्यात मला काही वावगं दिसत नाही, मी स्वतः आयुष्यभर तीच नेसले. पण महापालिकेनं झाडूवालीला गणवेश म्हणून सहावारी दिली तेव्हा कासोटा गेला, सुती कापड गेलं, कनवटी गेली. जे कामाचं होतं ते सगळं गळालं आणि वर परंपरेचं नाव लागलं. पायात अडकणाऱ्या निऱ्या, घसरणारा पदर, पदर घसरू नये म्हणून पिना, आणि त्याच्यावर कोट. ढकलगाडीच्या चाकाशी साडीचा काठ कसा गुंडाळला जातो, हे कुठल्याही कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या चौकीवर, विचारा.

पुढचं लिहिताना मी जरा सावध आहे, कारण कपडा म्हणजे नुसती सोय असती तर हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेला आलेल्या बायकांसमोर भाषण केलं. लुगडं नेसायची तुमची पद्धत, अंगावरचे ते कथलाचे-चांदीचे ढीगभर दागिने, यांवरून तुमची जात ओळखली जाते, तेव्हा या खुणा टाकून द्या, घोट्यापर्यंत लुगडं नेसा, स्वच्छ राहा, असा त्या भाषणाचा आशय होता. कित्येकींनी तिथल्या तिथे लुगडं नेसायची पद्धत बदलली. आखूड लुगडं कष्टाच्या कामाला सोयीचं असेलही. पण ते सक्तीनं आखूड होतं, आणि बघणाऱ्याला ते काय सांगत होतं हे नेसणारीला ठाऊक होतं.

आजही आपल्या शहरांतले बहुतेक सफाई कामगार दलित जातींतले आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे आईची नोकरी लेकीला नाहीतर सुनेला मिळते. आधार म्हणून ही तरतूद मोलाची आहे, पण नोकरीबरोबर खराटाही वारशानं येतो आणि कोटही. हा कोट घालून बसस्टॉपवर उभं राहिलं की शेजारचे लोक जरा सरकतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी कोट पिशवीत घालून नेतात, हजेरीच्या वेळी चढवतात आणि सुटल्यावर पहिलं काम म्हणजे तो उतरवतात. आपण याला शिस्तभंग म्हणता. गणवेश अंगावर नव्हता म्हणून मुकादमाकडून मेमो येतो.

रंगाचंही तसंच. खाकी रंग 1840 च्या दशकात पेशावरकडच्या ब्रिटिश फौजेतून आला. धुळीत धूळ दिसू नये, शत्रूला शिपाई दिसू नये, हा त्याचा उपयोग. तिथून तो पोलिसांकडे, पोस्टमनकडे, ड्रायव्हरकडे, शिपायाकडे आणि झाडूवाल्याकडे आला. मुंबईत रिक्षा-टॅक्सीचा परवानाधारक स्वतःची गाडी चालवत असेल तर पांढरा गणवेश, दुसऱ्याची गाडी चालवत असेल तर खाकी. मळ न दिसणारा कपडा नोकराला आणि मळ दिसेल असा मालकाला, ही वाटणी कोणी बसून ठरवली नसेल, पण झाली आहे खरी. सफाई कामगाराच्या कपड्याचा रंग मळ लपवण्यासाठी निवडला की त्याचा दुसरा अर्थ असा होतो की तो कमी वेळा धुतला तरी चालेल. आजाराच्या दृष्टीनं हे उलटं आहे. मळ दिसला पाहिजे, म्हणजे कपडा धुतला जाईल.

आपल्या कचेऱ्यांत गाडगेबाबांचा फोटो असतो. स्वच्छतेच्या अभियानाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे. पण बाबांच्या अंगावर चिंध्या होत्या म्हणून झाडणाऱ्याच्या अंगावर काहीही चालतं, असा अर्थ आपण काढलेला दिसतो. बाबांनी त्या चिंध्या स्वतःच्या मर्जीनं पांघरल्या होत्या.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 22 होतं. चालू यंत्राशी काम करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखानदारानं पुरवावेत, असं त्यात होतं. पण त्याच वाक्यात हे काम प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानंच करावं असंही होतं. बाईला यंत्रापासून लांब ठेवलं, आणि त्यामुळे यंत्राजवळ काम करणाऱ्या बाईनं काय घालावं हा प्रश्न कायद्याला पडलाच नाही. रस्ता हा कारखाना नव्हे, हे मला कळतं. पण ढकलगाडी आहे, घंटागाडी आहे, त्यांना चाकं आहेत, आणि तिथे बाई साडीत उभी आहे.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत तर स्पष्टच लिहिलं: कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क मिळतील आणि ते वापरले जातील, हे बघणं स्थानिक संस्थेचं काम. कंत्राटी माणूसही त्यात आला. वस्तूंची यादी आपण पूर्ण करता, तसं कागदावर दिसतं. "योग्य" या शब्दावर मात्र कुणी थांबत नाही. पुरुषांच्या मापाचे हातमोजे बाईच्या बोटांच्या पुढे इंचभर लोंबत असतील तर तिला काचेचा तुकडा उचलताच येत नाही. ती मोजे काढते. मग हात कापतो. मग अहवालात येतं की साधनं पुरवूनही वापरली गेली नाहीत.

आता खरेदीबद्दल. सगळ्यात कमी दराच्या निविदेला काम द्यायचं, हा नियम भ्रष्टाचार रोखायला केला असेल, मी त्याच्या विरोधात नाही. पण दर कशाचा लावायचा हे तरी ठरवा. एका कोटाची किंमत बघता, तो किती महिने अंगावर राहिला ते बघत नाही. दोन कोट चार महिन्यांत फाटत असतील आणि त्यांच्या दीडपट किमतीचा एक कोट वर्षभर जात असेल, तर स्वस्त कोणता? नमुना सीलबंद करून ठेवला जातो, माल येतो तेव्हा त्याच्याशी ताडून बघितला जातो की नाही, देव जाणे. माझ्याकडे एकाच वाटपातले दोन कोट आले होते, एकाचं कापड बोटांत धरल्यावरच हलकं लागलं. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

सगळ्यांचं कापड एका ठिकाणी कापायचं, ही कल्पनाही सोडून द्या. 2024-25 मध्ये शाळेच्या मुलांसाठी राज्यानं "एक राज्य एक गणवेश" आणला. कापड एकाकडून, कापणी तिथेच, शिलाई बचत गटांकडे. गणवेश उशिरा पोचले, आले ते कुणाला तोकडे, कुणाला ढगळ. वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवून काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावं लागलं. यात बचत गटांच्या बायकांना दोष दिला गेला, जो मला मुळीच मान्य नाही. चुकीचं कापलेलं कापड कुणीही शिवलं तरी चुकीचंच बसणार.

आपल्याच 29 महापालिकांत इचलकरंजी आहे, भिवंडी आहे, मालेगाव आहे, सोलापूर आहे. यंत्रमागाची गावं. सोलापुरात तर गणवेश शिवणारा मोठा उद्योग उभा आहे. चांगल्या सुती ड्रिलसाठी, म्हणजे तिरक्या विणीच्या मजबूत कापडासाठी, लांब जायची गरज नाही.

तर मी काय मागते आहे? कोट नको, शर्ट द्या. तो साडीवरचा शर्ट, पण बाईच्या मापाचा आणि कामाच्या हिशेबानं कापलेला. पूर्ण बाही, मनगटाला बटण, हवी तेव्हा दुमडून अडकवता येईल अशी पट्टी. गळा बंद होईल असा, कारण कचरा उलटताना काय काय आत जातं ते मी इथे लिहीत नाही. लांबी मांडीच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना चीर, म्हणजे बसता-वाकता येईल. पाठीवर, खांद्याच्या पट्टीखाली चुण्या, काखेत चौकोन. शिवण दोन्ही कडा आत दुमडून दुहेरी टिपेची. दोन मोठे खिसे खाली, झाकणाचे, आणि मोबाईलसाठी एक आतल्या बाजूला. खिशांच्या प्रत्येक कोपऱ्याला आडवी घट्ट टीप. आणि बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंच इंच माया, म्हणजे वर्षभरात अंग बदललं तर कपडा टाकून द्यायला नको.

कापड सुती ड्रिल, किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण, आधीच आटवून घेतलेलं. वजन चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपास. फौजेसारखं जाडजूड नको, आपल्याकडे उन्हाळा आहे. 58 इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर मध्यम अंगाच्या बाईला पावणेदोन-दोन मीटर पुरतं. चमकपट्टी हवीच, विशेषतः पहाटेच्या पाळीला, पण ती बरोबर छातीवरून आडवी नेऊ नका. खांद्यावरून उभी आणि कमरेजवळून आडवी न्या. एवढं सांगायला खरं तर बाईच लागते, पण आपल्या खरेदी समितीत किती बाया आहेत आणि त्यांतल्या किती जणींनी खराटा धरला आहे? कोठीवरच्या दोन-तीन जणी त्या समितीवर घ्या. सगळ्या शहराची ऑर्डर देण्याआधी पन्नास शर्ट शिवून पन्नास जणींना एक उन्हाळा आणि एक पावसाळा घालायला द्या, आणि मग ते परत मागवून टेबलावर पसरून बघा.

खाली काय घालायचं ते मात्र तिच्यावर सोडा. पोलिसांतल्या बायका एके काळी खाकी साडीत होत्या, आता पँट-शर्टात आहेत आणि त्यांच्याकडे बघून कुणी हसत नाही. वारसाहक्कानं लागलेल्या तरुण मुली मला विचारतात, आम्हाला पँट का नाही? त्यांना पँट द्या. ज्यांना सलवार हवी त्यांना सलवार. आणि निवृत्तीला आलेली एखादी आजी म्हणाली की मी लुगड्यावरच शर्ट घालणार, तर तिला सुती लुगडं द्या आणि कासोटा घालायची मोकळीक द्या. महाडची गोष्ट मी सांगितली ती याचसाठी. सोयीचा म्हणून आपण वरून लादलेला कपडा नको. मी आखून दिलेलासुद्धा नको.

याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात, नाहीतर शर्टाचा काही उपयोग नाही. कोठीवर कडी लागणारी, पाणी असलेली, बायकांसाठी वेगळी खोली. बहुतेक ठिकाणी ती नाही, म्हणून बाई घरूनच साडीत येते आणि घाणीचे कपडे तसेच घरी नेते. लेकराच्या शाळेच्या गणवेशाबरोबर ते एकाच बादलीत भिजतात. आणि धुलाई भत्ता असा द्या की त्यात निदान महिन्याचा साबण तरी येईल. गणवेश देताना तीन जोड द्या. दोनमध्ये पावसाळ्यात भागत नाही, एक अंगावर आणि एक कायम ओला.

खर्च वाढेल. थोडा वाढेलच. कापड देऊन शिलाई स्थानिक बायकांकडून करून घेतली तर मधली साखळी कमी होते, आणि शिलाईचा दर बाजारात चालतो तो धरा. आपल्या कागदावर जो शिलाई भत्ता असतो त्यात हल्ली साधा ब्लाउजही शिवून मिळत नाही. मापं घ्यायला आमच्या आयटीआयच्या मुली येतील, मी त्यांच्या प्राचार्यांशी बोलले आहे. कोठीवर सकाळच्या हजेरीला मापं घेतली तर एका प्रभागाचं काम फार तर दोन सकाळींचं आहे.

नमुन्याचा एक शर्ट मी शिवून ठेवला आहे, लहान, मध्यम, मोठा आणि त्याच्याही वरच्या मापाचे कागदी साचे तयार आहेत. जी महापालिका मागेल तिला ते फुकट. फक्त ते पुरवठादाराला देताना काखेतला चौकोन "अनावश्यक" म्हणून वगळू देऊ नका. तो पहिल्यांदा तेच मागेल.

आणि गमबूट मागवाल तेव्हा 4 आणि 5 नंबरही लिहा. सातच्या खालचा बूट आमच्या वस्तीत अजून कुणी पाहिलेला नाही.

आपली,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, शिवणकाम